जिंकलेल्या जमिनीचा हिशेब

नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यासमोर उभे राहिले की आधी दिसतात ते भारवाहक यक्ष. दगडी वासे खांद्यावर घेऊन ते जमिनीतून वर आल्यासारखे उभे आहेत आणि सबंध लेणे त्यांनीच तोलून धरल्यासारखे वाटते. पायऱ्या चढून ओसरीत गेले की भिंतींवर ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. भाषा प्राकृत, आपल्या मराठीची पणजी. यातला एक लेख लांबलचक आहे आणि प्राचीन महाराष्ट्रावरच्या प्रत्येक पुस्तकात त्याचा उल्लेख येतो. राजमाता गौतमी बलश्रीने आपल्या दिवंगत मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव त्यात कोरवून घेतला आहे. त्याच ओसरीत खुद्द गौतमीपुत्राची दोन आज्ञापत्रेही आहेत. ती छोटी आहेत, त्यांत एकही उपमा नाही, आणि विषय आहे शेतजमीन.

आपल्याला हा राजा माहीत आहे तो मोठ्या लेखामुळे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, त्याने शक, यवन आणि पहलवांचा निःपात केला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण हा जेता माणूस म्हणून, राज्यकर्ता म्हणून कसा होता हे समजून घ्यायचे असेल, तर छोटे लेख आधी वाचावेत असे मला वाटते. लढाया जिंकणारे राजे जगात पुष्कळ झाले. जिंकलेल्या मुलखाचे दुसऱ्या दिवशी काय करायचे, याचे उत्तर ज्यांच्यापाशी होते असे थोडे. गौतमीपुत्र त्या थोड्यांतला. त्याचा पुरावा दगडावर आहे आणि चांदीवरही आहे.

त्याच्या घराण्याची, सातवाहनांची, गोष्ट त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. जुन्नरजवळच्या नाणेघाटात राणी नागनिकेचा लेख आहे. अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञ, त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गायी, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापणे ही नाणी यांची मोजदाद त्यात केली आहे. त्या लेण्यात सिमुक, सातकर्णी, नागनिका अशा राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज वर कोरलेली नावे आणि खाली पावलांच्या खुणा उरल्या आहेत. राजघराण्याने आपले पुतळे उभे करायला घाटाचे तोंड का निवडले, हे तिथे गेल्यावर विचारावे लागत नाही. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेने देशावर चढायचा. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण आजही दाखवतात. जकातीची नाणी त्यात पडत, असे परंपरा सांगते.

हा व्यापार केवढा होता, हे ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या पुस्तकात दिसते. ते लिहिणाऱ्याला आपली बंदरे चांगली माहीत होती: भडोच, सोपारा, कल्याण, चौल. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, असे तो सांगतो. पैठणहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई. पश्चिमेकडून दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्याचांदीची नाणी येत. त्याच पुस्तकात एक छोटी नोंद आहे आणि पुढच्या सगळ्या युद्धाचे कारण तिच्यात सापडते. कल्याण पूर्वी उघड व्यापाराचे बंदर होते. आता मात्र तिथे एखादे ग्रीक जहाज गेलेच, तर ते पहाऱ्याखाली भडोचला नेले जाते. कल्याणवर नाकेबंदी होती. घाटाखालचे बंदर बंद झाले की घाटावरच्या राजधानीचा श्वास कोंडतो. सातवाहनांच्या पैठणला तो कोंडला होता.

नाकेबंदीचा लाभ ज्याला झाला तो भडोचचा धनी. या काळात पश्चिम किनाऱ्यावर क्षहरात घराण्यातल्या शक क्षत्रप नहपानाची सत्ता होती. त्याच्या कारकिर्दीतले ४१, ४२ आणि ४५ या वर्षांचे लेख नाशिकला आहेत. जुन्नरला त्याच्या अयम नावाच्या अमात्याचा वर्ष ४६ चा लेख आहे. मावळातल्या कार्ल्याच्या लेण्यातही त्याच्या जावयाचे दान कोरलेले आहे. नाशिक, जुन्नर, मावळ ही नावे नकाशावर जोडून पाहा. सह्याद्रीच्या घाटवाटांची ही तोंडे आहेत. ज्या घाटात सातवाहनांनी आपल्या पूर्वजांचे पुतळे उभे केले, त्याच जुन्नरात आता परक्या क्षत्रपाचा अमात्य पाण्याचे टाके दान करत होता.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे जेत्याची थोरवी सांगताना शत्रूला राक्षस करण्याची खोड आहे. नहपानाचा जावई उषवदात याचे लेख पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात आहेत, गौतमीपुत्राच्या लेण्यापासून हाकेच्या अंतरावर. ते वाचले की समोर राक्षस उभा राहत नाही. बार्णासा नदीवर तीर्थ बांधणारा, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावे देणारा, भडोच, दशपुर, गोवर्धन आणि सोपारा इथे प्रवाशांसाठी धर्मशाळा उभारणारा माणूस दिसतो. पारदा, दमणा, तापी, डहाणुका अशा नद्यांवर त्याने फुकट तरी, म्हणजे नदी ओलांडायच्या होड्या, ठेवल्या होत्या. पावसाळ्यात नदी अडवून बसली की माणसाचे काय होते, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच या दानाचे मोल कळेल. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे त्याने ३,००० कार्षापणे कायम ठेवीदाखल ठेवली. त्यांतली २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे मिळायची. गणित करून पाहा, पै न् पै जुळते. शक क्षत्रपाचा जावई, पण संस्कृताकडे झुकलेल्या प्राकृतात लिहिणारा, पुष्करला स्नान करून गायी दान करणारा आणि नाशिकच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंसाठी लेणे खोदणारा. परकी सत्ता दोन पिढ्यांत इथल्या मातीत मुरत चालली होती. गौतमीपुत्राला जिंकायचे होते ते असे राज्य. लुटारूंच्या टोळीला हुसकणे सोपे असते. लोकांच्या सोयी करून, दाने देऊन, श्रेणींचा विश्वास मिळवून पाय रोवलेल्या सत्तेला हटवणे अवघड असते.

लढाई कशी झाली, याचे वर्णन कोणत्याच लेखात नाही. जे उरले आहे ते लढाईनंतरचे. राज्याच्या १८व्या वर्षी, पावसाळ्याच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या पहिल्या दिवशी, गौतमीपुत्राची पहिली आज्ञा निघाली. ती राजवाड्यातून निघालेली नाही, सैन्याच्या विजयी तळावरून निघाली. म्हणजे तंबूंच्या दोऱ्या अजून सुटल्या नव्हत्या. आज्ञा गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला आहे. गोवर्धन हे गाव आजही नाशिकजवळ गोदावरीकाठी त्याच नावाने नांदते आहे. पश्चिम काखडी गावातले २०० निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) शेत, जे आजवर उषवदाताच्या उपभोगात होते, ते त्रिरश्मीवरच्या तपस्वी भिक्षूंना दिले आहे, असे राजा कळवतो. त्रिरश्मी म्हणजे पांडवलेण्यांचा डोंगर. शेताला मिळणाऱ्या सवलतीही एकेक करून लिहिल्या आहेत: राजाच्या माणसांनी त्यात शिरायचे नाही, कशाला हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचे नाही, जिल्ह्याच्या अंमलदारांनी ढवळाढवळ करायची नाही. शेवटी, हे सगळे दप्तरी नोंदवून घ्यावे अशी ताकीद.

जिंकल्यावर पहिले काम कोणते केले, यावरून राजाचा पिंड कळतो. शत्रूच्या जावयाची जमीन हाती आली. ती सेनापतीला देता आली असती, आप्ताला देता आली असती, खालसा करता आली असती. गौतमीपुत्राने ती अशा माणसांना दिली ज्यांच्या हातात ना तलवार होती ना मत. शिवाय हे भिक्षू कालपर्यंत उषवदाताच्याच दानावर जगत होते. सूड घ्यायचा असता, तर शत्रूचे आश्रित म्हणून त्यांना डोंगरावरून उतरवणे सोपे होते. नव्या राजाने त्यांना सांगितले, की तुमचे चालू राहील, आणि आता ते माझ्या नावाने चालेल. कार्ल्यालाही हेच घडले. उषवदाताने तिथल्या संघाला करजिक गाव दिले होते. पुढे मामाळच्या, म्हणजे मावळच्या, अमात्याला लिहिलेल्या सातवाहन आज्ञापत्रात तेच गाव भिक्षूंना पुन्हा दिले आहे. राज्य बदलले, पण डोंगरावरची चूल विझली नाही.

चांदीवरचा पुरावा १९०६ मध्ये सापडला. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात गोदावरीच्या काठी जोगलटेंभी गावात नाण्यांचा साठा निघाला. १३,००० पेक्षा जास्त नाणी, सगळी चांदीची, सगळी नहपानाची. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि नाव ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्यांत. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा ठोकली होती: एका बाजूला तीन कमानींचा पर्वत, दुसऱ्या बाजूला उज्जयिनीचे चिन्ह. काही नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचे नाक, हनुवटी अजून डोकावते. 

इतिहासाचा विद्यार्थी या साठ्याकडे नहपानाच्या पराभवाचा पुरावा म्हणून पाहतो, आणि तो तसा आहेच. पण बाजारात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांनी बघितले तर आणखी काही दिसते. राजा बदलला की प्रजेची पहिली धास्ती गाठीच्या पैशाची असते. नव्या राजाने जुने नाणे बाद केले असते, तर विणकराची बचत, व्यापाऱ्याचे भांडवल, श्रेणींच्या ठेवी एका दिवसात मातीमोल झाल्या असत्या. गौतमीपुत्राने जुन्याच नाण्यावर आपला ठसा मारला. चांदी तीच, वजन तेच, आणि सत्ता मात्र आपली. शत्रूचा पराभव त्याने प्रत्येकाच्या तळहातावर पोहोचवला आणि त्यासाठी कुणाच्या गाठोड्याला हात लावला नाही.

आता आईचा लेख वाचू. तो गौतमीपुत्राच्या मृत्यूनंतरचा, बलश्रीचा नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९व्या वर्षातला. त्यात मुलखांची यादी आहे: ऋषिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकर, अवन्ती. म्हणजे पैठणच्या परिसरापासून विदर्भापर्यंत, उत्तर कोकणापासून सौराष्ट्रापर्यंत, नर्मदाकाठापासून माळव्यापर्यंतचा प्रदेश. मग पर्वतांची नावे येतात: विंध्य, पारियात्र, सह्य, मलय, महेंद्र. इतका मुलूख हाताखाली घेतलेला दख्खनचा राजा त्याच्या आधी झाला नव्हता. आजच्या महाराष्ट्राच्या मातीतून उठून नर्मदा ओलांडणाऱ्या सत्तांमध्ये हे पहिले मोठे नाव, आणि त्याचा अभिमान आपल्याला का नसावा?

पण अभिमान डोळे मिटून करायचा नसतो. हा लेख आईने कोरवलेला आहे आणि प्रशस्तीची एक रीत असते. तीन समुद्रांचे पाणी पिणारे घोडे ही बिरुदावली आहे. ज्या प्रांतांची नावे वर आली, तेवढ्यांनीच तीन समुद्र गाठले जात नाहीत. त्याच लेखात दोन विधाने शेजारीशेजारी राहतात. अपराधी शत्रूचीही हिंसा त्याला आवडत नसे, असे एक, आणि खखरात वंश त्याने निःशेष केला, असे दुसरे. खखरात म्हणजेच क्षहरात. नहपानानंतर ते घराणे इतिहासातून नाहीसे होते, तेव्हा दुसरे विधान पोकळ नाही. एक सबंध राजवंश पुसला गेला, आणि आईने त्याचा उल्लेख कौतुकाने केला. हे आपण वाचले पाहिजे आणि त्यावर पांघरूण घालता कामा नये. विजयाची किंमत कुणीतरी मोजलेली असते, आणि ती कुणी मोजली हे लेखातच लिहिले आहे.

तसेच ‘एकब्राह्मण’ आणि ‘क्षत्रियांचा दर्प हरणारा’ ही विशेषणे. चातुर्वर्ण्याचा संकर त्याने थांबवला, असेही लेख सांगतो. पण हा लेख कुठे आहे? बौद्ध भद्रायणीय भिक्षूंना दान दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर. ब्राह्मणाभिमानी राजाच्या आईने बुद्धाच्या संघाला घर दिले आणि त्या घराच्या दारात मुलाचा ब्राह्मण म्हणून गौरव कोरवला. यात कुणालाच विसंगती वाटली नाही, ना देणाऱ्याला, ना घेणाऱ्याला. आपल्या आजच्या खणांत हा राजा नीट मावत नाही. खण मोडायचे की राजाला छाटायचे, हे आपण ठरवायचे.

प्रशस्तीच्या पलीकडे लेखात काही ओळी आहेत ज्यांत आई बोलते, भाट बोलत नाही, असे वाटते. तो नागरिकांच्या सुखात सुखी आणि दुःखात दुःखी होता. त्याने कर न्यायाने बसवले आणि न्यायानेच खर्च केले. त्याने ब्राह्मणांच्या बरोबरीने हीन मानल्या गेलेल्यांचीही घरे वाढवली. तो आईच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही. राजाच्या नावातच आईचे गोत्र आहे: गौतमीचा पुत्र. वारसा बापाकडून मुलाकडे जात असला, तरी नाव आईच्या गोत्राने घ्यायची या घराण्याची चाल होती. आणि इथे आईने मुलाचे नाव पुढच्या दोन हजार वर्षांसाठी राखले.

आता परत त्या शेताकडे. सहा वर्षांनी, राज्याच्या २४व्या वर्षी, दुसरी आज्ञा निघाली. गोवर्धनला आता श्यामक नावाचा अमात्य आहे. आज्ञा राजाच्या आणि राजमातेच्या अशा दोघांच्या नावाने आहे. राजमातेसाठी शब्द आहे ‘जीवसुता’, जिचा मुलगा हयात आहे अशी. अमात्याला आधी कुशल विचारावे आणि मग असे सांगावे, अशी सुरुवात. पुढचा मजकूर थोडक्यात असा: त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना आम्ही काखडी गावात शेत दिले होते. पण ते शेत कसले जात नाही आणि गावात वस्तीही उरलेली नाही. तेव्हा शहराच्या शिवेवर आमच्या मालकीचे जे शेत आहे, त्यातले १०० निवर्तने भिक्षूंना देत आहोत. सवलती पूर्वीप्रमाणेच.

भारताच्या प्राचीन इतिहासातल्या मोठ्या राजांच्या आज्ञांपैकी ही एक मला फार मोलाची वाटते. पुढे तीन समुद्रांचा धनी म्हणून गौरवला गेलेला राजा लिहून देतो, की आम्ही दिलेले दान निकामी ठरले. शेत ओसाड आहे. गाव उठून गेले आहे. चूक दगडावर कोरून कबूल केली आहे, आणि दुरुस्तीही कोरली आहे. नव्या दानाची जमीन निम्मी आहे, पण ती शहराला लागून आहे आणि राजाच्या स्वतःच्या शेतातून तोडून दिलेली आहे.

गाव का उठले, हे आज्ञेत नाही. पण ज्या परगण्यात दोन सत्तांची सैन्ये येऊन गेली आणि १८व्या वर्षी तळ पडला, तिथल्या एका गावात सहा वर्षांनी माणूस राहिलेला नव्हता, एवढे दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसते. विजयाचा तळ कुणाच्या तरी शेतातच पडतो. कुणबी बैल घेऊन निघून गेला की २०० निवर्तनांचे दानपत्र हे नुसते अक्षर उरते. जमीन जिंकता येते, पण ती पिकायला कसणारा लागतो. आणि कसणारा परत येतो तो भरवसा वाटला तर. डोंगरावरच्या भिक्षूंना धान्य मिळते की नाही, ही चौकशी राजधानीपर्यंत पोहोचत होती, दप्तर चालू होते, आणि ऐकून घेणारा राजा होता, हे त्या छोट्या लेखातून कळते. दुसऱ्या कुठल्याही विजयस्तंभाने मला ते सांगितले नसते.

प्रांतांचे पुढे काय झाले? क्षहरात गेले, पण शकांचे दुसरे घराणे उभे राहिले, चष्टनाचे कार्दमक. भूगोलकार टॉलेमी दुसऱ्या शतकात लिहितो तेव्हा पैठण पुळुमावीची राजधानी आहे आणि उज्जैन चष्टनाची. म्हणजे माळवा हातचा गेला होता. जुनागढच्या खडकावर चष्टनाचा नातू रुद्रदामा याचा शके ७२ चा, म्हणजे इसवी सन १५० च्या सुमाराचा लेख आहे. दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा उघड लढाईत हरवले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा समूळ नाश केला नाही, असे तो म्हणतो. त्याच्या ताब्यातल्या प्रांतांची यादी वाचताना बलश्रीच्या लेखाची आठवण येते: आकर, अवन्ती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त. तीच नावे आता दुसऱ्याच्या तोंडी. नाते कोणते, ते कान्हेरीच्या लेखातून कळते: सातवाहन घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक वंशातली, महाक्षत्रपाची मुलगी होती. वर्णसंकर थांबवल्याचे बिरुद मिरवणाऱ्या घरात शकांची लेक सून म्हणून आली, आणि बहुधा तिच्यामुळेच घर वाचले.

तलवारीने मिळवलेल्या मुलखाचे आयुष्य इतके थोडे असते. बलश्रीचे अक्षर पुरते सुकले नसेल तोवर यादीतला अर्धा मुलूख गेला होता. उरले काय? पैठण उरले, घाटवाटा उरल्या, डोंगरांतली विहारे नांदती राहिली, श्रेणी चालत राहिल्या. प्राकृत उरली, आणि तिच्यातून पुढे आपली भाषा आली. सातवाहन राजा हालाच्या नावाने ओळखला जाणारा गाथांचा संग्रह याच भाषेत आहे आणि त्यात शेत, गोदाकाठ, सासुरवाशिणी, गावच्या वाटा आहेत. जे दुसऱ्या दिवशीच्या कामातून उभे राहिले, ते टिकले.

लोकस्मृतीने मात्र या वंशाचे काय केले पाहा. पैठणचा शालिवाहन कुंभाराघरी वाढला, त्याने मातीचे सैनिक घडवले, त्यांच्यात प्राण फुंकले आणि शत्रूचा पराभव केला, ही कथा घरोघरी सांगितली जाते. पाडव्याला गुढी उभारताना आपण त्या विजयाची आठवण काढतो. आणि लग्नपत्रिकेवर छापतो ‘शालिवाहन शके’. इसवी सन ७८ मध्ये सुरू होणारी ही कालगणना शक क्षत्रपांनी चालवलेली. रुद्रदाम्याच्या लेखातले ७२वे वर्ष तिचेच. शालिवाहनाचे नाव तिला हजारएक वर्षांनी जोडले गेले. ज्यांच्यात पिढ्यान् पिढ्या युद्ध चालले, त्या दोन्ही पक्षांची नावे आपण एका शब्दजोडीत रोज उच्चारतो. काळाने केलेला हा तह कुणा राजाच्या हातून झाला नसता.

आज इतिहासाकडे आपण बहुतेक वेळा हिशेब चुकता करायला जातो. कोण आपला, कोण परका, कुणी कुणाला धूळ चारली, एवढेच विचारतो, आणि तेवढेच घेऊन परत येतो. पुतळे उभे राहतात, सिनेमे निघतात, मिरवणुका निघतात. त्याला हरकत नाही. पण ज्या राजाच्या नावाने छाती फुगते, त्याने दहाव्या लेण्यातल्या शत्रूच्या अक्षराला छिन्नी लावली नाही, हे आपण मुलांना सांगतो का? उषवदाताचे लेख आज वाचता येतात, कारण ते पुसून टाकण्याची सत्ता ज्याच्याकडे होती त्याने ते पुसले नाहीत. उलट त्याच्या लेण्याची घडण पाहिली, तर त्याच्या कारागिरांनी दहावे लेणे निरखून पाहिले होते हे उघड दिसते. हरलेल्याकडून चांगले ते उचलण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर, भगवानलाल इंद्रजी, वासुदेव विष्णु मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी ही झिजलेली अक्षरे एकेक करून लावली, म्हणून हा राजा आपल्याला मिळाला. त्यांनी प्रशस्ती आणि शेताचे कागद एकाच काळजीने वाचले. वाचकांनाही माझे हेच सांगणे आहे. पुढच्या वेळी नाशिकला गेलात तर मुलांना घेऊन त्रिरश्मीचा डोंगर चढा. भिंतीवर नाव कोरू नका, कुणी कोरत असेल तर थांबवा. त्या दगडावर आणखी एका नावाची गरज नाही. आधी दहाव्या लेण्यात जा आणि हरलेल्या उषवदाताच्या फुकट तरींची गोष्ट सांगा. मग तिसऱ्या लेण्यात या. बलश्रीचा मोठा लेख दाखवा, त्याचा अभिमान जरूर बाळगा. पण तिथून उतरण्याआधी वर्ष २४ ची ती छोटी आज्ञा दाखवायला विसरू नका. शेत ओसाड पडले आहे हे ज्याने ऐकून घेतले, लिहून दिले आणि आपल्या जमिनीतून भरून काढले, त्याला राजा म्हणतात.